आमचे साडू आणि लोडरवरचा काटा

आमच्या साडूंना धक्का बसला नाही असा दिवस अजून उगवलेला नाही, आणि त्यांच्यामुळे आम्हाला बसला नाही असा मावळलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वडगाव निंबाळकरचे, पण लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीला लागून त्यांचा खडी-वाळूचा डेपो आहे आणि डेपोच्या मागेच घर. धक्का बसण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. डोक्यावरची टोपी काढायची, गुडघ्यावर ठेवायची, "आता काय म्हणावं मानसानं" एवढंच म्हणायचं आणि त्या म्हणण्याला आपण काहीतरी उत्तर देऊ या आशेनं आपल्याकडे बघत राहायचं. कारण कुठलंही चालतं. शहाळं प्यायला नळी लागते याचा त्यांना धक्का बसलेला आहे. लग्नाच्या पंगतीत पाण्याची अख्खी बाटली उघडून दोन घोट पिऊन ठेवून देणारी माणसं बघून बसलेला आहे. पुण्यात एकदा कुत्र्याला स्वेटर घातलेला पाहिला, तेव्हा तर ती टोपी हडपसरपर्यंत गुडघ्यावरच होती. मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून सांगतो.

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. एकदा ते डोळे तपासायला आले. मी लांब उभा राहिलो, एक बोट वर केलं आणि विचारलं, "किती बोटं दिसतात?" ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "लाभ." मला वाटलं, ऐकण्यात काही गडबड झाली. दुसरा डोळा झाकायला लावून पुन्हा विचारलं. पुन्हा "लाभ." मी दोन बोटं केली तर म्हणाले, "दोन." तीन केली तर "तीन." दुकानात बसलेल्या बाईंनी आपला चष्मा न घेताच काढता पाय घेतला. मग खुलासा झाला, की त्यांच्या आईच्या घरी धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. "एक म्हटलं की ते एकटं पडतंय, पाव्हणं," असं त्यांचं म्हणणं. धान्य मापताना जुनी माणसं असं म्हणतात हे मलाही ठाऊक होतं. पण हा गृहस्थ एसटीत तिकीट मागताना "लाभ इंदापूर" म्हणतो. शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी मुलं किती विचारलं, तर यांनी "लाभ" सांगितलं, आणि मास्तर बिचारे लाभ हे मुलाचं नाव समजून वय विचारत बसले. साडूंना एकच मुलगी, अश्विनी. तिच्याबद्दल बोलताना तर ते 'एक' हा शब्द तोंडातच येऊ देत नाहीत.

तसाच 'संपलं' हाही शब्द त्यांच्या घरात चालत नाही. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ उदंड झालं म्हणायचं. हेही आपल्याकडच्या बायका म्हणतात, पण चूल ओलांडून तो शब्द हमरस्त्यावर आणणारे आमचे साडूच. एकदा भिगवणच्या अलीकडून त्यांचा फोन आला. "पाव्हणं, गाडीतलं पेट्रोल उदंड झालंय. या जरा." मी मनात म्हटलं, हा माणूस आता पेट्रोल जास्त झालं म्हणूनही धक्के खायला लागला. रिकाम्या हातानं गेलो. तिथं गाडी ढकलत ढकलत पंपापर्यंत नेताना मला जे वाटलं ते सोयऱ्याधायऱ्यांत सांगण्यासारखं नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे कुठलंही भांडं पुरतं रिकामं न करण्याची सवय. चहा प्याले तरी कपात घोटभर राखणार. ताटात घासभर भात राहणार. डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या तर पाकिटातली शेवटची गोळी तशीच ठेवणार, मग ताप परत येणार, आणि डॉक्टर "अहो, कोर्स पूर्ण का नाही केला" म्हणाले की यांना धक्का बसणार. अक्का, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, ह्ये भांडणसुदीक पुरतं करत न्हाईत. उद्यासाठनं जरा ठेवत्यात." एवढी वर्षं त्यांच्या कपातला तो घोटभर चहा मी बघत आलो आहे. बघत आलो आहे असं म्हणायचं फक्त, कारण तेव्हा नीट बघितला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

आता काट्याचं सांगतो. आमच्या या उसाच्या मुलखात माणसाला काय वाटेल ते बोला, तो ऐकून घेईल. पण "तू काटा मारलास" म्हणालात तर तो हातघाईवर येईल. काटा मारणं म्हणजे वजनात खोट करणं, जास्त घेऊन कमी दाखवणं किंवा कमी देऊन जास्त दाखवणं. साडूंचं या बाबतीत एकच वचन होतं आणि ते डेपोवर येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत. "मानसानं येकवेळ डोकं फोडावं, पण काटा मारू ने." पूर्वी ते ब्रासच्या मापानं माल विकायचे, गाडीच्या फाळक्याला खूण करून. मग नवा लोडर घेतला. छातीएवढ्या चाकांचं ते पिवळं धूड, पुढे खोलीभर बकेट. त्या लोडरवरच काटा बसवलेला असतो. बकेट भरून वर उचलली, की केबिनमधल्या पडद्यावर वजन उमटतं, सगळ्या बकेटांची बेरीज होते आणि शेवटी पावती बाहेर येते. गिऱ्हाइकाला वजन समोर दिसतं म्हणून साडू लहान मुलासारखे खूश होते. लोडरवर त्यांनी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. दसऱ्याला त्यांनी त्या पडद्यालाही हळदीकुंकू लावलं, आणि मग दोन दिवस आकडे पुसट दिसतात म्हणून मला चष्म्याचा नंबर वाढलाय का विचारलं.

अशात अश्विनीचं लग्न ठरत आलं. मुलगा कळसचा, लोणी देवकरच्या एका कारखान्यात नोकरीला. अश्विनीही तिथंच. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि आमच्यापर्यंत ते यायचं राहिलं होतं, तेही आलं. मुलाचे वडील शेतकरी, आई कळसमध्ये दूध संकलन केंद्र चालवते. माणसं चांगली. फक्त साखरपुड्याची तारीख धरायची राहिली होती. होणाऱ्या व्याह्यांनी पोरासाठी दोन खोल्या वाढवायला घेतल्या, आणि खडी साहजिकच साडूंच्या डेपोवरून नेली. आता या व्याह्यांची एक खोड होती. ते प्रत्येक गोष्ट वजन करून घ्यायचे. गॅसचं सिलेंडरसुद्धा आधी ताणकाट्याला लटकवायचे आणि मग आत न्यायचे. त्यांनी खडीची गाडी जाता जाता हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर घातली. साडूंच्या पावतीपेक्षा माल कमी भरला. चुकून झालं असेल म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्या गाडीलाही तेच. थोडंथोडकं नाही, चांगला दोन-अडीच क्विंटलचा फरक. मग त्यांचा फोन आला. बोलणं सरळ होतं, ओरडणं नाही की टोमणा नाही. "राग मानू नगा. पण सोयरीक करायची म्हंजे आदी काटा सरळ पायजे. तेवढं बगा, मग साखरपुड्याचं ठरवू."

साडूंनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा टोपी गुडघ्यावर होती आणि अश्विनी आत बसून रडत होती. ती म्हणाली, "काका, आण्णांनी काटा मारला असं त्यांच्या घरात कुणीतरी म्हणालं असणारच. त्याशिवाय फोन येत नाही. मी उद्या कामावर त्याच्यासमोर कशी जाऊ?" मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. साडू बाहेर लोडरकडे असं बघत होते, जसं एखादा बाप परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघतो. पोरगं आपलंच, संस्कार आपलेच, आणि हे कसं झालं ते कळत नाही.

मग सुरू झाला शोध. आधी संशय ट्रकवाल्यावर, की वाटेत माल उतरवला असेल. तर ट्रकवाल्यानं शेजारी साडूंनाच बसवून नेलं, तरी वजन कमी. मग संशय वजनकाट्यावर. दुसऱ्या वजनकाट्यावर गाडी घातली, तिथंही तेवढंच कमी. मग साडूंनी लोडरच्या चाकांत हवा भरून घेतली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटलं. शेवटी काटा बसवून देणाऱ्यांचा इंजिनिअर पुण्याहून आला. तरुण, नम्र, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. त्यानं समजावून सांगितलं, की हा काटा तराजूसारखा तोलत नाही. बकेट उचलणाऱ्या जॅकमध्ये तेल असतं, त्या तेलावर किती दाब आला ते बघून तो वजन सांगतो. साडूंनी टोपी काढली. "म्हंजे ह्यो काटा नाडी बगून सांगतोय?" इंजिनिअर म्हणाला, "हो काका, साधारण तसंच." इतके दिवस आपण वैद्याकडून खडी तोलून घेत होतो, याचा धक्का साडूंना दिवसभर पुरला.

नाडीच बघायची म्हटल्यावर मग पथ्यंही आली. सकाळी तेल गार असतं तेव्हा काटा चुकतो, म्हणून आधी लोडर थोडा वेळ चालवून तेल गरम करायचं. बकेट झटक्यानं उचलायची नाही, एका लयीत उचलायची. बकेट मागे पुरती ओढून घ्यायची. जमीन सपाट पाहिजे. सांध्यांना ग्रीस पाहिजे, नाहीतर सांधे कुरकुरतात आणि ती कुरकुर काटा वजनात धरतो. इंजिनिअरनं सगळं तपासलं. मग म्हणाला, "काका, बकेटला तळाला माल राहिलाय, मातीपण चिकटलीय. खरवडून घेऊ." पहार घेऊन त्यानं बकेट खरवडायला सुरुवात केली आणि साडू उठून चहा सांगायला घरात गेले. भर दिवेलागणीला कुणी केर काढताना दिसावं तसं तोंड झालं होतं त्यांचं. मला वाटलं, पहारेचा आवाज सहन होत नसेल.

बकेट साफ झाल्यावर इंजिनिअरनं झीरोचं बटण दाबलं. झीरो दाबणं म्हणजे, आत्ता बकेट रिकामी आहे, इथून पुढं मोज, असं काट्याला सांगणं. साडूंना तो म्हणाला, "रोज सकाळी एवढं करत जा." साडू म्हणाले, "तुमीच केलंय ते बरं हाय, सायेब. तुमच्या हातचं राहू द्या. सकाळच्या पारी झीरो कशाला म्हणायचा." मग इंजिनिअरनं स्वतः लोडरवर बसून वजन माहीत असलेला सिमेंटचा ठोकळा उचलला. बरोबर. स्वतःच एक अख्खा ट्रक भरला, वजनकाट्यावर पाठवला. किलोला किलो बरोबर. साडूंनी टोपी डोक्यावर घातली, अक्कांनी शिरा केला, इंजिनिअर पुण्याला गेला.

दुसऱ्याच दिवशी साडूंनी भरलेली गाडी पुन्हा कमी.

इंजिनिअर पुन्हा आला. पुन्हा स्वतः बसला, पुन्हा खरवडलं, पुन्हा सगळं बरोबर. तो गेला की पुन्हा कमी. तो फोनवर विचारायचा, "काका, बकेट स्वच्छ ठेवता ना?" साडू म्हणायचे, "आरशासारखी हाय, सायेब." आणि ते खोटं नव्हतं. रोज सकाळी ते बकेट पाण्यानं धुवायचे, देवाचं तबक धुवावं तशी. इंजिनिअर असला की काटा शहाणा आणि गेला की वेडा, हे काही माणसाच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. साडूंनी लोडरला लिंबू-मिरची बांधली. अक्का म्हणाल्या, "त्यापरीस त्या इंजिनिअरलाच बांधा." इकडे कळसहून फोन येणं बंद झालं होतं. अश्विनी कामावर जायची, परत यायची आणि घरात कुणाशी बोलायची नाही.

शेवटी साडूंनी आपलं डोकं चालवलं. त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना आणि विहीणबाईंना डेपोवर बोलावलं. "तुमच्या डोळ्यांदेखत भरतो. कमी आलं तर तुमच्या डोळ्यांदेखत कमी येऊ द्या." मी म्हटलं, "साडूभाऊ, कमी येणार हे माहीत असताना कशाला बोलावता?" तर म्हणाले, "झाकून ठिवलं तर त्यो काटा मारल्यासारकाच हाय, पाव्हणं." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी दुकान बंद ठेवून गेलो.

मंडळी आली. व्याही हात मागे बांधून उभे. विहीणबाई म्हणजे धिप्पाड बाई, आवाज असा की कळसला बोलल्या तर भिगवणला म्हशी वळून बघतील. त्यांनी अश्विनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि खुर्ची ओढून थेट ट्रकच्या समोर बसल्या. साडू लोडरवर चढले. एका लयीत उचलणं, बकेट मागे ओढणं, सगळी पथ्यं पाळून त्यांनी ट्रक भरला. पावती काढून व्याह्यांच्या हातात दिली. ट्रक वजनकाट्यावर गेला, सोबत व्याही गेले. परत आले तेव्हा त्यांनी दुसरी चिठ्ठी पुढं केली. कमी. साडू ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघत राहिले. मी उगाच ढगांकडे बघितलं.

आणि विहीणबाई बोलल्या. "दादा, येक इचारू? तुमी ती बकेट पालथी का करत न्हाय?"

"करतो की," साडू म्हणाले.

"न्हाय. मी बसून बगितलं. वततानी आवरती घेता. दर बारीला तळाला थोडं ठिवता. माज्याकडं कुणी अशी किटली वतली तर मी सोडत न्हाय. म्हणते, निथळू दे."

"ते व्हय," साडूंचा चेहरा उजळला. "ते बरकतीचं. भांडं कोरडं करू ने."

"बरकतीचं ठिवा की. पण माज्या डेरीत दूध वतल्यावर मोजत्यात. किटलीत ऱ्हायलं ते तुमचं, वतलं ते माजं, वजन वतल्याचं. तुमचा काटा वतायच्या आदी मोजतोय. बकेटीत हाय तेवढं सगळं त्यो गाडीच्या नावावर लावतोय. आन् तुमी त्यातलं माघारी आणताय. दर बकेटीला."

मी अगदी सुन्न झालो. पंचवीस वर्षं मी या माणसाच्या कपातला घोट बघत होतो. डोळे तपासणं हा माझा धंदा. इंजिनिअर तरी काय करणार, तो आला की साडू आदरानं खाली उतरायचे आणि तो स्वतः बकेट पालथी करून झटकायचा, मग काटा शहाण्यासारखा वागेल नाहीतर काय करेल. मी तिथल्या तिथं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, पण ती शिल्लक तशीच बकेटमध्ये ठेवून रोज सकाळी झीरो दाबला असता, तरी काट्यानं ती वजा केली असती. काहीच कमी आलं नसतं." म्हणजे भांडं कोरडं करायचं नाही हे एक सोवळं, आणि सकाळी झीरो म्हणायचं नाही हे दुसरं. दोन सोवळी एकत्र आली आणि त्यातून काटामारी झाली. डोकं फोडावं पण काटा मारू नये म्हणणारा माणूस वर्षभर रोज, प्रत्येक गाडीत, मनोभावे काटा मारत होता.

साडू खडीच्या ढिगावर खाली बसले. मी वाट बघितली, पण टोपी निघाली नाही. डोक्यावरच राहिली, हात नुसते मांडीवर पडले होते. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं आम्ही ज्याला धक्का म्हणत होतो ती त्यांची करमणूक होती. खरा धक्का हा होता. "म्हंजे मी काटा मारला," ते म्हणाले. व्याही एकदम ओशाळले. "न्हाय वो, तसं कुणी म्हणत न्हाय." साडू म्हणाले, "तुमी न्हाय म्हणत. काटा म्हणतोय." मग कुणाला उद्देशून नाही असं बोलले, "आईनं आमाला कदी कणगीचा तळ दावला न्हाय. घरात काय बी नसायचं, पर मूठभर ठिवलेलं असायचंच. आमाला वाटायचं, हाय की. ती जाईपत्तूर आमी गरीब हाय ते आमाला ठावं नव्हतं." अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. विहीणबाईंचा तो आवाज कुठं गेला कोण जाणे, त्या नुसतं "चा टाका गं कुणीतरी" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून साडूंनी जे आरंभलं, त्याचा धक्का मात्र सबंध पंचक्रोशीला बसला. लोडरवर काटा बसवल्यापासून ज्यानं ज्यानं माल नेला होता, त्याच्या त्याच्या दारात हा माणूस खडी ओतून यायला लागला. आपल्याकडे खडीवाला पैसे मागायला येतो हे लोकांना माहीत आहे. खडीवाला खडी परत द्यायला येतो हे कुणी ऐकलं नव्हतं. एका मास्तरांचं घर बांधून, रंगवून, वास्तुशांत होऊन गेली होती. ते सकाळी शाळेला निघाले तर फाटकासमोर खडीचा ढीग. ते म्हणाले, "अहो, मला नको आहे." साडू म्हणाले, "तुमाला नगं आसंल मास्तर, पर ती तुमची हाय." मास्तर त्या दिवशी कुंपणावरून शाळेला गेले. शिवाय नुसती खडी ओतून साडू परतत नसत. "माज्याकडनं काटा मारला गेला," असं दारात उभं राहून सांगत. मी म्हटलं, "एवढं बोलायची काय गरज आहे? माल पोचला, झालं." तर म्हणाले, "माल पोचला आन् गोष्ट न्हाय पोचली तर त्ये बी कमीच भरलं की." बकेट ओतताना आता ते पुरती पालथी करत. फक्त शेवटच्या क्षणी डोळे मिटून घेत. मी केबिनच्या शिडीवर उभा राहून पाहिलंय, कडू औषध घेताना पोरं मिटतात तसे.

शेवटी कळसला खडी टाकायला गेले, तेव्हा व्याह्यांनी ट्रक वजनकाट्यावर घातला नाही. साडू हट्टाला पेटले, घालाच म्हणून. व्याही म्हणाले, "घालायचा का न्हाय ते माजं मी बगीन. तुमी साखरपुड्याचं बोला." विहीणबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मला निथळून देणारा इवाई पायजे होता. भेटला." घरी येऊन साडूंनी हे सांगितलं आणि अश्विनी पुन्हा रडली. पण ते रडणं निराळं होतं, अक्कांनी तिला रडू दिलं.

लग्न झालं. साडू सबंध लग्नात नीट होते. वाढपी पातेली पालथी घालत होते तिकडेही त्यांनी बघितलं नाही. पाठवणीच्या वेळी अक्कांनी लेकीची ओटी भरली. ओटीतले चिमूटभर तांदूळ लेक माघारी ताटात टाकते, माहेर भरलेलं राहावं म्हणून, तशी आपल्याकडे रीतच आहे. अश्विनीनं चिमूट नाही, चांगली मूठ भरली. ताटात टाकली नाही. मंडपाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या बापाचा हात धरून तो उघडला आणि त्यात ठेवली. "आण्णा, भांडं कोरडं करू ने," ती म्हणाली. साडूंनी मूठ मिटली ती गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत उघडली नाही. त्या रात्री मी फारसा बोललो नाही, आणि मी न बोलण्याचा बायकोला धक्का बसला.

ते तांदूळ आता लोडरच्या केबिनमध्ये एका डबीत आहेत. ठेवण्याआधी त्यांनी इंजिनिअरला फोन करून विचारलं होतं, की केबिनमधी मूठभर तांदूळ ठिवले तर काटा हलंल का. तो म्हणाला, "नाही काका, ठेवा तुम्ही." रोज सकाळी साडू झीरोही दाबतात. तोंडानं म्हणत नाहीत, नुसतं दाबतात.

मध्यंतरी मी सहज तिकडे गेलो होतो. अक्कांनी किटलीतून चहा आणला, आम्ही दोघं ओट्यावर बसलो. समोर लोडर धुऊन उभा होता. घरात आवाज नव्हता. मी विचारलं, "करमतं का हो, साडूभाऊ?" ते म्हणाले, "घर उदंड झालंय, पाव्हणं." आणि चहा पिऊन कप खाली ठेवला. सवयीनं माझी नजर कपात गेली. कप कोरडा होता. तळ लख्ख दिसत होता. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं, ते रस्त्याकडे बघत होते. या माणसानं मला आयुष्यात इतके धक्के दिले, पण त्या रिकाम्या कपाएवढा कुठलाच लागला नाही. मी किटली उचलली आणि उरलेला घोटभर चहा त्यांच्या कपात ओतला. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो चहा तसाच राहू दिला.